गढूळ बाटल्यांची वही : साबणी आणि मेदवर्गीय रेणूंच्या प्रकल्पाच्या नोंदी

२४ जून २०२४

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला आज सुरुवात झाली. साबणासारखे आणि मेदवर्गीय रेणू पाण्यात गेल्यावर कोणत्या रचना करतात आणि त्या रचना कशामुळे बदलतात, हे महाविद्यालयातल्या साध्या उपकरणांनी जेवढे तपासता येईल तेवढे तपासायचे, असा विषय मॅडमनी ठरवून दिला आहे. वाहकतामापी, पीएच मीटर, स्टॅलॅग्मोमीटर, ओस्टवाल्डचा श्यानतामापी, एक जुना सूक्ष्मदर्शी आणि तापमान राखणारे पाण्याचे भांडे एवढीच आमची सामग्री आहे.

आज २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये सोडियम डोडेसिल सल्फेटचे ७.२१ ग्रॅम घेऊन ०.१ मोलर साठा द्रावण केले. हा पदार्थ यापुढे नोंदींत एसडीएस या नावानेच येईल. बारा कार्बनची शेपटी आणि ऋणभारित सल्फेटचे डोके अशी त्याच्या रेणूची घडण आहे. शेपटीला पाणी नको असते आणि डोक्याला पाण्याशिवाय करमत नाही. नेहमीच्या सवयीने फ्लास्क हलवला, तेव्हा त्याची मान फेसाने भरली आणि खूण दिसेनाशी झाली. प्रयोगशाळेतल्या काकांनी सांगितले की साबणाचे द्रावण हलवायचे नसते. पाणी काचेच्या कडेने सोडायचे, खुणेच्या थोडे खाली थांबायचे आणि फेस बसेपर्यंत रात्रभर ठेवून द्यायचे. तसे करून फ्लास्क उपकरणांच्या खोलीत ठेवला, कारण तिथे एसी असतो.

२५ जून २०२४

सकाळी फ्लास्कच्या तळाशी रेशमी, पांढऱ्या पापुद्र्यांचा थर दिसला. काल द्रावण काचेसारखे स्वच्छ होते. पदार्थ अशुद्ध असावा किंवा फ्लास्क नीट धुतला गेला नसावा, असे समजून मी सगळे द्रावण बेसिनमध्ये ओतले. मॅडम अकरा वाजता आल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला: रात्री खोलीत तापमान किती होते? एसी रात्रभर १६ अंशांवर चालू राहिला होता.

तो थर म्हणजे एसडीएसचेच स्फटिक होते. साबणी रेणू पाण्यात सुटे विरघळतात ते फार थोड्या प्रमाणात, आणि तापमान उतरले की ते प्रमाण आणखी घटते. सुट्या रेणूंची संख्या एका ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचली, तरच ते एकत्र येऊन मिसेल नावाचे पुंजके करतात, आणि एकदा मिसेल होऊ लागले की पदार्थ भराभर विरघळतो. ज्या तापमानाखाली ही मर्यादा गाठताच येत नाही, त्याला क्राफ्ट तापमान म्हणतात. एसडीएससाठी ते १६ अंशांच्या आसपास आहे. बाहेर पाऊस आणि ३० अंशांची उकड असलेल्या मुंबईत हा प्रश्न एरवी आला नसता. आमच्या खोलीतल्या एसीने तो आणला.

द्रावण नुसते कोमट पाण्यात धरले असते, तरी पुन्हा स्वच्छ झाले असते. ७.२१ ग्रॅम वाया गेले. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहून ठेवला आहे: तापमान, पीएच आणि ध्रुवित प्रकाश (एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश) या तीन तपासण्या झाल्याशिवाय कोणतीही गढूळ बाटली ओतायची नाही.

३ जुलै २०२४

आज वाहकतेचे मापन पूर्ण केले. वाहकतामापी आधी ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडने जुळवून घेतला. २५ अंशांना त्याची वाहकता प्रति सेंटिमीटर १४१३ मायक्रोसीमेन्स असते. तापमान मात्र ३० अंशांवर राखावे लागले, कारण आमचे भांडे पाणी तापवू शकते, गार करू शकत नाही, आणि नळाचे पाणीच २८ अंशांचे आहे. ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ब्युरेटमधून ०.२ मिलिलिटरच्या टप्प्यांनी साठा द्रावण सोडत गेले.

आलेखावर दोन सरळ रेषा मिळाल्या आणि त्या ८.३ मिलिमोलरपाशी एकमेकींना छेदतात. पुस्तकांत २५ अंशांना ८.२ हा आकडा असतो. एसडीएसच्या बाबतीत तापमानाने ही मर्यादा फारशी हलत नाही, त्यामुळे आमचा आकडा विश्वासार्ह वाटतो. या मर्यादेला क्रांतिक मिसेल संहती म्हणतात, बोलण्यात सीएमसी. घरी हा शब्द काढल्यावर आई म्हणाली, ‘म्हणजे आइस्क्रीममध्ये घालतो ती पावडर ना?’ तिची सीएमसी वेगळी, सेल्युलोजपासून केलेली. पण त्याच पाककृतीतल्या जीएमएस (ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट) पावडरचा आमच्या विषयाशी जवळचा संबंध आहे, हे लिहून ठेवते.

छेदबिंदूपेक्षा दोन रेषांचे उतार मला अधिक बोलके वाटले. पहिला उतार दर मिलिमोलरला ७१ आणि दुसरा २८ आला. सीएमसीच्या आधी भर घातलेला प्रत्येक रेणू सोडियमचा एक मोकळा आयन आणि स्वतःचा एक मोकळा ऋणायन देतो. त्यानंतर भर घातलेले रेणू मिसेलमध्ये जातात आणि मिसेलचा ऋणभार एवढा दाट असतो की सोडियमचे बरेचसे आयन त्याच्याभोवती अडकून राहतात. उतारांचे गुणोत्तर ०.३९ आहे, म्हणजे ढोबळ हिशेबाने दहांतले सहा सोडियम आयन बांधलेले आहेत. मिसेल स्वतःही थोडी वीज वाहून नेतो आणि हे गुणोत्तर ते विचारात घेत नाही, म्हणून या आकड्यावर फार भिस्त ठेवता येणार नाही.

८ जुलै २०२४

रात्रभर मुसळधार पाऊस झाला. रुळांवर पाणी, गाड्या बंद. काम झाले नाही.

१२ जुलै २०२४

स्टॅलॅग्मोमीटरने पृष्ठताण मोजला. संहती वाढत जाते तसा पृष्ठताण घटतो आणि सीएमसीनंतर स्थिर होतो, असे शिकवले जाते. आमच्या आलेखात तो सीएमसीच्या जवळ खाली उतरला, मग पुन्हा थोडा वर चढला आणि त्यानंतर स्थिर झाला. असा खड्डा दिसला की द्रावणात डोडेकॅनॉल आहे असे समजावे. एसडीएसचे पाण्याने हळूहळू विघटन होते आणि त्याच्या शेपटीचा अल्कोहोल सुटा होतो. हा अल्कोहोल एसडीएसपेक्षाही पृष्ठभागाकडे अधिक ओढला जातो. मिसेल तयार होईपर्यंत तो पृष्ठभागावर दाटी करून राहतो. मिसेल झाले की ते त्याला आपल्या पोटात घेतात, पृष्ठभाग मोकळा होतो आणि ताण वर चढतो.

एसडीएसचे इथेनॉलमधून दोनदा पुनःस्फटिकीकरण केल्यावर खड्डा जवळजवळ गेला. वाहकतेच्या आलेखात मात्र या अशुद्धीचा मागमूसही नव्हता. एकच पद्धत वापरून प्रकल्प लिहिला असता, तर ही गोष्ट कधी कळली नसती.

३० जुलै २०२४

मिसेल गोलच का असावा, याचा हिशेब आज कागदावर केला. टॅनफर्डच्या सूत्रांनुसार बारा कार्बनची शेपटी पूर्ण ताणली तर १.६७ नॅनोमीटर लांब होते आणि तिचे आकारमान ०.३५ घन नॅनोमीटर असते. गोळ्याच्या मध्यभागी पोकळी राहू शकत नाही, कारण ती भरायला पाणी जाणार नाही आणि हवा नाहीच. म्हणून गोळ्याची त्रिज्या एका शेपटीच्या लांबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. १.६७ नॅनोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात अशा सुमारे ५६ शेपट्या मावतात. प्रत्यक्ष मोजमापांत एसडीएसच्या एका मिसेलमध्ये ६०च्या आसपास रेणू सापडतात, म्हणजे तो अचूक गोल नसून किंचित लांबट असतो. एवढ्या साध्या भूमितीने एवढे जवळचे उत्तर यावे, याचे नवल वाटले.

इस्रायलॅचविली, मिचेल आणि निनहॅम यांनी १९७६ साली याच भूमितीतून एक गुणांक मांडला. शेपटीचे आकारमान भागिले डोक्याने पृष्ठभागावर व्यापलेले क्षेत्र आणि शेपटीची लांबी यांचा गुणाकार, असा तो काढतात. तो एक-तृतीयांशाखाली असला तर गोळे होतात, एक-तृतीयांश ते अर्धा असला तर लांब दंड, अर्धा ते एक असला तर द्विस्तर, म्हणजे शेपट्या आत आणि डोकी दोन्ही बाजूंना बाहेर असलेला दुहेरी थर, आणि एकाच्या वर गेला तर उलटी रचना होते, जिच्यात पाणी आत कोंडले जाते आणि शेपट्या बाहेर राहतात. एसडीएसच्या डोक्याने ०.६३ चौरस नॅनोमीटर जागा घेतली, तर हा गुणांक बरोबर एक-तृतीयांश येतो. म्हणजे हा रेणू गोळा आणि दंड यांच्या उंबरठ्यावर उभा आहे. तेच डोके ठेवून शेपट्या दोन केल्या, तर गुणांक दुप्पट होऊन रेणू थेट द्विस्तराच्या घरात जातो.

यात एक गोष्ट सहज निसटते. डोक्याचे क्षेत्र ही रेणूच्या अंगची ठरलेली संख्या नाही. शेजारच्या भारांमधले प्रतिकर्षण किती आहे, पाण्यात मीठ किती आहे आणि तापमान किती आहे, यांवर ती अवलंबून असते. ‘एसडीएसचा मिसेल गोल असतो’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. कोणत्या पाण्यात, हे त्यासोबत सांगावे लागते. पुढचे सगळे काम याच अर्ध्या भागावर करायचे ठरले.

मिसेलची मूळ कल्पना जेम्स मॅकबेन यांनी १९१३च्या सुमारास मांडली, तेव्हा ती सहजासहजी स्वीकारली गेली नव्हती. हेच मॅकबेन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. साबणाच्या मिसेलचा जनक डेक्कन क्वीनच्या अंतरावर काम करून गेला, हे मला बी.एस्सी.च्या तीन वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

९ ऑगस्ट २०२४

एसडीएसमध्ये मीठ घालायला सुरुवात केली. ०.१ मोलर सोडियम क्लोराइडमध्ये सीएमसी ८ वरून दीड मिलिमोलरपर्यंत उतरते, ते पृष्ठताणाने तपासले. मिठातले जास्तीचे सोडियम आयन डोक्यांमधले प्रतिकर्षण झाकतात, रेणूंना एकत्र यायला कमी किंमत पडते आणि डोकी अधिक जवळ बसतात. क्षेत्र घटले की गुणांक एक-तृतीयांशाच्या वर जातो आणि गोळ्यांचे दंड व्हायला हवेत. ०.६ मोलर मिठात हे पाहायचे होते, पण खोलीच्या तापमानाला बाटली पुन्हा गढूळ झाली. या वेळी ती ओतली नाही. मिठाने क्राफ्ट तापमानही वर जाते, हे लक्षात घेऊन ती ३५ अंशांच्या भांड्यात ठेवली आणि पंधरा मिनिटांत स्वच्छ झाली. श्यानतामापीतून उतरायला तिला नुसत्या पाण्यातल्या एसडीएसपेक्षा स्पष्टपणे जास्त वेळ लागला.

हा प्रयोग भांडुपची मामी गेली चार वर्षे करते आहे. तिचा बचत गट हात धुवायचे आणि भांडी घासायचे द्रवसाबण करतो. त्यांच्या बादलीत ॲसिड स्लरी, म्हणजे साबणी रेणूंचे आम्लरूप, कॉस्टिकने उदासीन केलेली असते, त्यात एसएलईएस हा एसडीएसचाच भाऊबंद असतो आणि शेवटी मीठ. मीठ चमचाचमचाने घालत ढवळत राहिले की पाण्यासारखे पातळ द्रावण बघता बघता मधासारखे दाट होते. मागे एकदा नव्या बाईने अंदाज न घेता मीठ ओतले आणि सगळी बादली पुन्हा पातळ झाली. मीठ कमी पडले असे समजून तिने आणखी घातले. मामीने तेव्हा नवे एसएलईएस आणि पाणी घालून ती बादली सावरली होती.

दाट होण्याचे कारण सोपे आहे. दंड वाढत वाढत लांब, लवचीक, गांडुळासारखे होतात आणि एकमेकांत गुंततात. पुन्हा पातळ होण्याचे कारण मला आधी उलगडले नव्हते. मीठ आणखी वाढले की या दोऱ्यांना फाटे फुटू लागतात. फाटे फुटले म्हणजे जाळे घट्ट होईल असे वाटते, पण हे सांधे कायमचे जोडलेले नसतात. ते दोऱ्यावरून सरकू शकतात आणि त्यामुळे ताण चटकन मोकळा होतो. मीठ वाढत जाते तशी श्यानता चढते, शिखर गाठते आणि उतरते. मामी या शिखराच्या अलीकडे थांबायला हाताच्या अंदाजाने शिकली आहे.

१७ ऑगस्ट २०२४

सीटॅब, म्हणजे सोळा कार्बनची शेपटी आणि धनभारित डोके असलेला रेणू, ५० मिलिमोलर घेतला. त्याचे क्राफ्ट तापमान २५ अंशांच्या जवळ आहे, त्यामुळे तो एसीच्या खोलीत आणायचाच नाही. त्यात ३० मिलिमोलर होईल एवढे सोडियम सॅलिसिलेट घातले. दोन्ही द्रावणे वेगवेगळी असताना पाण्यासारखी होती. एकत्र केल्यावर मिनिटभरात अशी घट्ट झाली की चंचुपात्र गोल फिरवून थांबवले, तर आतले बुडबुडे थोडे उलटे मागे आले. हे पाहायला शेजारच्या वर्गातली मुलेही जमली.

साध्या मिठापेक्षा सॅलिसिलेट एवढे प्रभावी ठरते, कारण त्याचे बेंझीनचे कडे पाणी टाळून सीटॅबच्या डोक्यांच्या मध्ये जाऊन बसते आणि तिथला धनभार जागच्या जागी मिटवते. तयार होणारे दोरे जाडीला चार-पाच नॅनोमीटर आणि लांबीला कधी मायक्रोमीटरपर्यंत असतात. प्लास्टिकमधल्या रेणूंच्या साखळीप्रमाणे ते एकदाच घडलेले नसतात, सतत तुटत आणि जुळत राहतात. म्हणून बुडबुडे मागे येतात, पण जुन्या जागी पूर्ण परतत नाहीत. तोवर दोरे तुटून नव्याने जुळलेले असतात.

५ सप्टेंबर २०२४

उद्यापासून गणपतीची सुटी, म्हणून ओलिक आम्लाचे काम आज उरकले. २० मिलिमोलर सोडियम ओलिएट, म्हणजे या मेदाम्लाचा साबण, पीएच १०.५ला स्वच्छ होते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालत गेल्यावर ९.५च्या आसपास त्याला निळसर झाक आली, ८.५ला ते पातळ दुधासारखे झाले आणि ७.५च्या खाली वर तेलाचे थेंब तरंगू लागले. एकाच चंचुपात्रात मिसेल, पुटिका (द्विस्तराच्या बंद पिशव्या) आणि तेल या तीन अवस्था अर्ध्या तासात दिसल्या.

मधली दुधाळ अवस्था यातली महत्त्वाची आहे. तिथे अर्धे रेणू आम्लाच्या रूपात असतात आणि अर्धे साबणाच्या. एक आम्ल आणि एक साबण एका हायड्रोजनवर भागीदारी करून जोडीने वावरतात. जोडीचे डोके लहान आणि शेपट्या दोन, म्हणजे ३० जुलैच्या हिशेबाप्रमाणे द्विस्तर. तो द्विस्तर स्वतःवर मिटून पाण्याने भरलेल्या पुटिका करतो. गेबिकी आणि हिक्स यांनी १९७३ साली अशा पुटिका दाखवल्या, आणि पृथ्वीवरच्या पहिल्या पेशींची आवरणे मेदाम्लांची असावीत असे मानणारे संशोधक आजही याच रेणूंवर काम करतात. साधे कार्बोक्झिलिक आम्ल पीएच ५च्या आसपास अर्धे आयनीभूत होते. इथे तो बिंदू ८च्या वर सरकतो, कारण ऋणभारांच्या गर्दीत हायड्रोजन सोडणे रेणूला महाग पडते.

२३ सप्टेंबर २०२४

ऊर्ध्वपातन संचाचे शीतक फुटल्याने तीन दिवस काम थांबले होते. उत्सुकता म्हणून सोडियम ओलिएट दोन पाण्यांत घालून पाहिले. महापालिकेच्या नळाच्या पाण्यात, जे शहराबाहेरच्या तलावांतून येते, ते जरा धुरकट झाले. आमच्या इमारतीत येणाऱ्या टँकरच्या पाण्यात पांढरा चोथा झाला. ही बाटली तापवून स्वच्छ झाली नाही आणि पीएच वाढवूनही झाली नाही. कॅल्शियमचा एक आयन दोन ओलिएट बांधतो आणि तो साबण पाण्यात येत नाही. एसडीएस त्याच पाण्यात निर्धास्त राहिला.

टँकरच्या पाण्याला घरी ‘जड पाणी’ म्हणतात आणि शाळेच्या पुस्तकात दुष्फेन. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे जड पाणी ही वेगळीच गोष्ट आहे (त्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम हा जड हायड्रोजन असतो), पण त्याचाही मिसेलशी संबंध आहे. तिथल्या १९८५ साली कार्यान्वित झालेल्या ध्रुव अणुभट्टीवर लघुकोनी न्यूट्रॉन विकिरणाने मिसेलचे आकार मोजतात. साधा हायड्रोजन आणि ड्यूटेरियम न्यूट्रॉनांना अगदी वेगळ्या रीतीने विखुरतात, म्हणून जड पाण्यात ठेवलेला साध्या हायड्रोजनचा मिसेल न्यूट्रॉनांना ठळक दिसतो. गांडुळासारख्या दोऱ्यांची जाडी नॅनोमीटरमध्ये सांगता येते, ती अशा मोजमापांमुळे. आम्ही श्यानतामापीने त्यांचा फक्त अंदाज करतो.

३ ऑक्टोबर २०२४

प्रिन्सेस स्ट्रीटवरून सोया लेसिथिन, म्हणजे सोयाबीनमधले मेदवर्गीय रेणू, आणले. ते काळपट, चिकट आणि मधासारखे असते, कारण त्यात सोयाबीनचे तेल मिसळलेले असते. थंड ॲसिटोनमध्ये चार वेळा घोटल्यावर तेल ॲसिटोनमध्ये गेले आणि फिकट, मेणासारखे फॉस्फोलिपिड (दोन शेपट्यांचे, फॉस्फेटचे डोके असलेले मेद) मागे राहिले. हवेत ठेवले तर ते तपकिरी होते, म्हणून काम झटपट करावे लागले.

काचपट्टीवर त्याचा मोहरीएवढा कण ठेवला, वर झाकणकाच ठेवली आणि कडेने पाण्याचा थेंब सोडला. पहिले मिनिटभर काही घडले नाही. मग कणाच्या कडेतून नळ्या बाहेर पडू लागल्या. सोऱ्यातून कुरडई पडावी तशा त्या लांबत, वळत, एकमेकींवर गुंडाळत पाण्यात येत होत्या, आणि हे सगळे कोणी न ढवळता चालले होते. बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरून काढलेले ध्रुवक (प्रकाश ध्रुवित करणारे पापुद्रे) काचपट्टीच्या खाली आणि वर काटकोनात बसवले, तेव्हा पार्श्वभूमी काळी झाली आणि नळ्यांच्या कडा उजळल्या. काही गोलकांवर चार पाकळ्यांची फुली दिसत होती.

या नळ्यांना मायलिन आकृत्या म्हणतात. रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५४ साली चेतातंतूंच्या पदार्थात त्या पाहिल्या होत्या. द्विस्तर ही कल्पना यायला तेव्हा आणखी सत्तर वर्षे होती. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींमधले मेद काढून पाण्यावर एकेरी थरात पसरले, त्याचे क्षेत्र पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले आणि पेशीचे आवरण दोन थरांचे असल्याचे अनुमान निघाले.

आम्ही पाहिलेली प्रत्येक नळी म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक गुंडाळलेले असंख्य द्विस्तर आहेत. एका द्विस्तराची जाडी जेमतेम चार-पाच नॅनोमीटर असते, म्हणजे सूक्ष्मदर्शीच्या आवाक्याच्या कितीतरी खाली. पाणी कणात शिरते ते थरांच्या मधल्या फटींत. डोकी पाणी घेतात, थर फुगतात आणि फुगलेल्या थरांना बाहेर यायला नळीखेरीज वाट उरत नाही. प्रकाश दिसतो याचे कारण, सगळ्या शेपट्या एका दिशेने उभ्या असतात आणि त्या दिशेने प्रकाशाचा वेग वेगळा असतो. मिसेलचे द्रावण याच ध्रुवकांखाली संपूर्ण काळे राहते. मी दुपारचे दोन तास या एका काचपट्टीपाशी बसून राहिले आणि त्या दिवशी आकडा म्हणून काहीही नोंदवले नाही.

१८ ऑक्टोबर २०२४

लेसिथिनचे क्लोरोफॉर्ममधले द्रावण गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये फिरवत वाळवले आणि भिंतीवरच्या पातळ थरावर पाणी घातले. दुधासारखे पांढरे द्रावण मिळाले. ॲलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात लायपोसोम, म्हणजे अशा मेदांच्या पुटिका, ओळखले ते अशाच मिश्रणांत. ध्वनिलहरींच्या भांड्यात चाळीस मिनिटे ठेवल्यावर ते विरळ होत निळसर झाले; मोठ्या, बहुस्तरी पुटिका फुटून लहान झाल्या आणि लहान कण निळा प्रकाश अधिक विखुरतात.

त्यातली अर्धी बाटली कणांचा आकार मोजायला बाहेर पाठवायची होती. मी ती फ्रिजमध्ये ठेवण्याऐवजी वरच्या फ्रीझरमध्ये ठेवली. बर्फ वितळल्यावर निळसरपणा गेलेला होता आणि तळाला गुठळ्या होत्या. बर्फाच्या स्फटिकांनी पुटिका फोडून एकमेकींत मिसळवल्या. मापन रद्द झाले आणि चूक पूर्णपणे माझी आहे. या गढूळ बाटलीला कोमट पाण्याचा उपयोग नव्हता, कारण तिच्यातली पहिली रचना रेणूंनी आपणहून केलेली नव्हती. ती आम्ही ध्वनिलहरींची ऊर्जा घालून लादली होती. मिसेल मोडला तर सेकंदाच्या आत पुन्हा बनतो. लहान पुटिका मोडली की मोठी होते आणि मागे जात नाही.

उरलेल्या अर्ध्या बाटलीत एसडीएस घातला. सुरुवातीला फरक दिसला नाही, कारण तो द्विस्तरात मुरत होता. मग एका टप्प्यानंतर काही थेंबांतच द्रावण पाण्यासारखे स्वच्छ झाले. द्विस्तर तुटून मेद आणि एसडीएस यांचे मिश्र मिसेल झाले. साबणाने हात धुतल्यावर मेदाचे आवरण असलेले विषाणू टिकत नाहीत आणि पित्तक्षार जेवणातले मेद आतड्यात विरघळवतात, ते याच मार्गाने.

१२ नोव्हेंबर २०२४

आईच्या जीएमएस पावडरची पाळी आली. ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट थंड पाण्यात नुसते तरंगते. ७० अंशांपर्यंत तापवून ढवळल्यावर ते पाणी शोषून दाट, चमकदार झाले आणि ध्रुवकांखाली उजळले, म्हणजे एकावर एक द्विस्तर रचलेली स्तरीय अवस्था आली. थंड झाल्यावर लुसलुशीत पेस्ट मिळाली, पण तीन दिवसांनी ती खरखरीत होऊन तिच्यातून पाणी सुटले. शेपट्या गोठून घट्ट रचल्या गेल्या आणि थरांमधले पाणी बाहेर ढकलले गेले. पाककृतीत ही पावडर दुधात उकळायला का सांगतात, हे आईला आता सकारण सांगता येईल.

शेपटी तेवढीच लांब, पण मध्ये एक दुहेरी बंध असलेल्या मोनोओलीनची गोष्ट निराळी आहे. त्याची शेपटी वाकडी असते, ती गोठत नाही आणि जागा जास्त घेते. मॅडमनी जपून ठेवलेल्या अर्ध्या ग्रॅमवर पाणी घातले. दुसऱ्या दिवशी काचेच्या कांडीला चिकटणारा, पारदर्शक आणि इतका ताठ गोळा झाला की बाटली उलटी केली तरी पडला नाही. ध्रुवकांखाली तो संपूर्ण काळा होता. एवढा ताठ पदार्थ काळा दिसावा, याचा अर्थ त्याची रचना सगळ्या दिशांना सारखी आहे. ही घनीय अवस्था आहे: एकच अखंड द्विस्तर तिन्ही दिशांना वळत जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या दोन स्वतंत्र वाटा एकमेकींना कुठेही न भेटता जातात. लांदाऊ आणि रोझेनबुश यांनी १९९६ साली याच गोळ्यात पेशीच्या आवरणातली प्रथिने स्फटिकरूपात वाढवून दाखवली.

२७ नोव्हेंबर २०२४

सत्राअखेरीस कपाट रिकामे करायचे आहे, म्हणून चिठ्ठ्या लिहायला बसले. काकांनी आधीच काही बाटल्या बेसिनजवळ आणून ठेवल्या होत्या. त्यांत १७ ऑगस्टच्या नुसत्या सीटॅबची बाटली होती. ती कोणीतरी एसीच्या खोलीत नेली होती आणि तिच्यात सुयांसारखे पांढरे स्फटिक भरले होते. पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी ती ओतायलाच निघाला होता. मी ती त्याच्याकडून घेऊन मुठीत धरली आणि बाकीच्या चिठ्ठ्या एका हाताने लिहीत राहिले. दहाएक मिनिटांनी सुया वितळल्या, आणि चिठ्ठीवर पदार्थाचे नाव आणि संहती यांच्याखाली ‘२५ अंशांच्या वर ठेवावी’ असे लिहून बाटली त्याच्याकडे परत दिली.